मिठाचं पाणी, पण उद्या

देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीतल्या एका घरात यंदा पावसाळ्याच्या तोंडावर अक्कलदाढ निघाली आणि घरात दोन पक्ष पडले. दाढ पुतण्याची. खालची, डावीकडची, हिरडीखाली आडवी झोपलेली. चेंबूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडीला चीर दिली, थोडं हाड कोरलं, दाढेचे दोन तुकडे करून ती बाहेर काढली, तीन टाके घातले आणि सूचनांचा एक कागद हातात दिला. घरी आल्यावर तो कागद फ्रिजवर चुंबकाने लागला. वाचला मात्र कोणीच नाही, कारण दोन्ही पक्षांना सगळं आधीच ठाऊक होतं.

एका पक्षात वहिनी. महापालिकेच्या रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रात्रपाळ्या काढलेल्या. त्यांच्या मते ऑपरेशननंतर दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही, ते वेळेवर गोळी न दिल्याचं लक्षण आहे. दुसऱ्या पक्षात त्यांचे धाकटे दीर, म्हणजे पेशंटचे वडील. बेस्टच्या देवनार आगारातून निवृत्त. दाढ काढून दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर राहिल्याची गोष्ट ते अजून सांगतात. त्यांच्या मते मीठ, हळद आणि लवंग घरात असताना मेडिकलची पायरी चढायचं कारण नाही.

पेशंटला मत नव्हतं. अर्धा ओठ बधिर आणि दातांखाली गॉझचा बोळा, त्यामुळे तो मोबाइलवर टाइप करून दाखवत होता.

पहिली ठिणगी घरात शिरल्यावर दहा मिनिटांत पडली. भाऊजी स्वयंपाकघरातून कोमट पाण्याचा पेला घेऊन आले. मीठ विरघळलेलं होतं.

"वहिनी, जरा बाजूला व्हा. खळखळून दोन चुळा भरू दे त्याला. तोंडात सगळं रक्त साचलंय."

"मिठाचं पाणी चांगलंच आहे भाऊजी, पण उद्या."

"आज चांगलं नाही आणि उद्या चांगलं? मीठ तेच ना?"

"मीठ तेच. खड्डा तो नाही."

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात एक खड्डा उरतो. तो काही मिनिटांत रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गुठळी होते. गॉझ अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायला सांगतात ते याचसाठी. ही गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं आणि मज्जातंतूंच्या टोकांवरचं पांघरूण. तिच्याच आधाराने पुढे नवी ऊती आणि कालांतराने नवं हाड तयार होतं. पहिले चोवीस तास ती अगदी कच्ची असते. जोराने चूळ भरली, थुंकलं किंवा काही ओढून प्यायलं, तर ती निसटते. मग हाड उघडं पडतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान असा ठणका सुरू होतो की तो कानापर्यंत जातो. दंतवैद्य याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. अमेरिकेचे दंतवैद्य जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. साधा दात काढल्यावर शंभरातल्या एक ते पाच जणांना हा त्रास होतो. हाडात अडकलेल्या खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र हे प्रमाण तिसापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

"म्हणजे रक्त गिळायचं?" भाऊजींनी तोंड वाकडं केलं.

"रक्त कमी असतं, लाळच जास्त. लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी सगळं लालभडक दिसतं. गिळू दे, नाहीतर तोंड वाकवून आपोआप बाहेर पडू दे. पण पिंक टाकायची नाही."

पेशंटने मोबाइल पुढे केला. 'शहाळं चालेल?'

शहाळं चालतं, स्ट्रॉ चालत नाही. मुंबईत शहाळेवाला कोयत्याने तोंड उडवून आधी स्ट्रॉच खोचतो, आणि स्ट्रॉने ओढताना तोंडात जी पोकळी तयार होते तीच गुठळी उपटते. भाऊजींनी खाली जाऊन शहाळं आणलं आणि पाणी पेल्यात ओतून दिलं. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचं एकमत झालं. चहाला मात्र वहिनींनी नकार दिला. भुलेचं इंजेक्शन तीन-चार तास टिकतं. तोवर ओठ, जीभ, गाल आपले नसतातच. कढत चहाने जीभ पोळली तरी कळत नाही आणि बधिर ओठ चावला गेला तर संध्याकाळी दाढेपेक्षा तोच जास्त दुखतो. शिवाय गरम पदार्थांनी रक्त पुन्हा वाहू लागतं. हे इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचं असतं. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केलं आणि त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी त्याचे प्रयोग स्वतःवरच केले.

"बघा, बधिर आहे तोवर दुखत नाहीये," भाऊजी म्हणाले. "दुखायला लागलं तर बघू गोळीचं."

"इथेच तुमचं चुकतं. गोळी आत्ताच द्यायची."

वहिनींचा मुद्दा वॉर्डातला आहे. भूल उतरू लागली की कळा एकदम सुरू होतात. गोळीचा परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. कळ आल्यावर गोळी शोधायला निघालं तर तेवढा वेळ नुसतं तळमळत काढावा लागतो. म्हणून पहिली गोळी भूल उतरण्याआधी, थोडं खाऊन, आणि पुढच्या गोळ्या पहिले दोन दिवस घड्याळ बघून. दुखेल तेव्हा नाही, ठरलेल्या वेळी.

भाऊजींनी गोळीची पट्टी उलटीपालटी करून पाहिली. "आयबुप्रोफेन. पोट जाळते ही. किडनीचं काय होतं ते पेपरात येतं की."

या गोळीचा इतिहास त्यांना माहीत असता तर कदाचित आवडला असता. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६१ साली शोधली. मॉस्कोतल्या एका परिषदेत भाषणाच्या सकाळी ॲडम्स यांचं डोकं आदल्या रात्रीच्या व्होडकाने ठणकत होतं. त्यांनी आपलंच औषध घेऊन पाहिलं आणि ते भाषणाला उभे राहिले. पुढे या गोळीचं आणि दाढेचं नातं आणखी घट्ट झालं. जगात नवं वेदनाशामक आलं की ते बहुतेक वेळा अक्कलदाढ काढलेल्या तरुणांवर तपासतात. माणसं धडधाकट असतात, जखम साधारण सारखी असते आणि दुखणं हमखास येतं. त्यामुळे दाढेनंतरच्या गोळ्यांबद्दल वैद्यकशास्त्राला जेवढं ठामपणे सांगता येतं, तेवढं फार थोड्या दुखण्यांबद्दल सांगता येतं. २०१३ साली कॉक्रेन संस्थेने अशा अभ्यासांचा आढावा घेतला. अक्कलदाढेनंतर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही एकत्र घेतल्याचा परिणाम आणखी चांगला दिसला. आपल्याकडे मिळणारी कॉम्बिफ्लाम हे असंच जोडऔषध आहे, ४०० आणि ३२५ मिलिग्रॅमचं. अमेरिकी दंतवैद्यांच्या संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अफूजन्य औषधांऐवजी याच साध्या गोळ्यांना पहिली पसंती दिली आहे.

तरी भाऊजींचा संशय अगदीच पोकळ नव्हता, आणि ते वहिनींनीही मान्य केलं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, काही प्रकारचा दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. उपाशीपोटी नाही. जोडऔषधाच्या जोडीला तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर बेरीज करायची, कारण धडधाकट प्रौढालाही दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा आहे. त्यातून पावसाळा. देवनार-गोवंडीच्या पट्ट्यात या दिवसांत ताप आला की डेंग्यूची शंका आधी घ्यायची, आणि डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

"म्हणजे मी म्हणतो तेच. गोळी वाईट."

"वाईट नाही. तिला वेळ, पोट आणि पेशंट बघून द्यायची असते."

दुसरी चकमक संध्याकाळी झाली आणि तीत भाऊजींनी मोठा दारूगोळा आणला. ओवाळणीचं ताट ठेवावं तशा आत्मविश्वासाने त्यांनी हळदीचा डबा टेबलावर ठेवला. खड्ड्यात हळद दाबायची त्यांची सूचना होती.

"माशेलकरांनी अमेरिकेशी भांडून हळद परत आणली ती काय उगाच?"

प्रकरण खरं आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर त्यानंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. गोव्यातल्या माशेलच्या आणि मुंबईत वाढलेल्या या मराठी शास्त्रज्ञाचा तो विजय घराघरांत अभिमानाने सांगितला जातो.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हळदीचा हा गुण आपल्याकडे आधीपासून माहीत होता, एवढंच तिथे सिद्ध झालं. ताज्या टाक्यांत पूड कोंबा, असं कुठल्याही कोर्टाने सांगितलेलं नाही. पुडीचे कण त्या गुठळीत अडकतील. ते काढायला जाल तर गुठळीही येईल."

"मग लवंगेचं तेल?"

इथे वहिनी थोड्या अडचणीत आल्या, कारण लवंग दंतवैद्याच्या कपाटातच असते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दाताची कळ थांबवतं. ड्राय सॉकेट झालाच तर डॉक्टर खड्डा धुऊन जी औषधी पट्टी भरतात, तिच्यात बऱ्याचदा युजेनॉलच असतं. पण ते मोजून, जखम साफ करून, गरज पडल्यावर. बाटलीतलं शुद्ध तेल कापसावर घेऊन ताज्या हिरडीवर ठेवलं तर तिथली त्वचा भाजते आणि दुखणं दुप्पट होतं.

भाऊजी हसले. "म्हणजे मीठही बरोबर, लवंगही बरोबर, हळदही बरोबर. फक्त मी चूक."

"तुम्हीही बरोबर आहात. दोन दिवस लवकर आहात."

वहिनींनी हे चेष्टेत म्हटलं, पण त्या घरातला सगळा वाद या एका वाक्यात बसतो. दोघांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर त्यांच्यात फार फरक नाही. मिठाचं पाणी दोघांना हवं आहे, शेक दोघांना हवा आहे, मऊ भात दोघांना हवा आहे. भाऊजी विचारतात 'काय द्यायचं?', वहिनी विचारतात 'कितव्या तासाला?' आणि दाढेच्या जखमेच्या बाबतीत दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण पहिल्या रात्री जे घातक ते दुसऱ्या सकाळी औषध होतं.

शेकाचंच घ्या. भाऊजींनी तवा तापवून फडकं गरम करायला घेतलं होतं. पहिल्या दिवशी गालाला थंडावा लागतो, रुमालात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि बधिरपणाही येतो. सूज अजिबात येणार नाही असं नाही, पण चेहऱ्याला बरं वाटतं. गरम शेक त्याच वेळी दिला तर रक्त तिकडे धावतं आणि सूज वाढते. दोन दिवस उलटले, जबडा आखडला, की मग तोच गरम शेक उपयोगी पडतो.

रात्री पेशंटला दोन उशा मिळाल्या, डोकं उंच राहावं म्हणून. वरच्या उशीला जुना अभ्रा घातला, कारण झोपेत लाल लाळ ओघळते आणि सकाळी ती बघून घाबरायला होतं. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायला परवानगी होती, जखमेची बाजू सोडून. झोपण्याआधी थोडं रक्त पुन्हा झिरपू लागलं, तेव्हा भाऊजी बूट घालून तयार झाले. वहिनींनी स्वच्छ गॉझची घडी ओली करून त्यावर अर्धा तास दाबायला लावलं. गॉझ संपलं असतं तर ओली टी-बॅगही चालली असती. चहातलं टॅनिन रक्त थांबवायला मदत करतं.

"चहा चालत नाही म्हणालात ना?"

"प्यायला नाही म्हटलं."

दुसऱ्या सकाळी चोवीस तास पूर्ण झाले आणि भाऊजींचा पेला अखेर सन्मानाने बाहेर आला. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात घ्यायचं, मान हळूच या बाजूला आणि त्या बाजूला कलवायची, आणि ओठ उघडून बेसिनमध्ये पडू द्यायचं. खळखळ नाही. नायजेरियातल्या दंतशल्यचिकित्सकांनी यावर अभ्यास केला आहे. दात काढल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुणाऱ्यांमध्ये ड्राय सॉकेट कमी आढळला, आणि दिवसातून दोनदा धुतलं काय किंवा सहा वेळा धुतलं काय, फरक दिसला नाही. महागड्या माउथवॉशशिवाय भागतं, हा भाऊजींचा मुद्दा इथे पूर्ण खरा ठरला. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश कामाचं असतं, पण काही दिवसांत दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते.

अँटिबायोटिकच्या बाबतीत तर वहिनींनाच माघार घ्यावी लागली. चिठ्ठीत अँटिबायोटिक नाही हे बघून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. त्यांच्या वॉर्डात पाच दिवसांचा कोर्स ठरलेलाच असे.

"डॉक्टर विसरले वाटतं. मी फोन करते."

"कशाला? डॉक्टरांनी नाही दिलं तर तुम्ही मागून घेणार?" भाऊजींना संधी मिळाली.

कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यानुसार, अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर एका माणसाचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. म्हणजे बाकीचे अठरा जण ते विनाकारण घेतात, जुलाब-पुरळाचा धोका पत्करतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला हातभार लावतात. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, आधीच पू झालेला असेल तर गोष्ट वेगळी. चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाला डॉक्टरांनी दिलं नाही, यात विसरण्यासारखं काही नव्हतं. वहिनींनी फोन खाली ठेवला.

खाण्याच्या बाबतीत घरात भांडण नव्हतं, स्पर्धा होती. वहिनींची पेज, दही-भात, गार केलेलं वरण आणि नाचणीची आंबील. भाऊजींनी कत्तलखान्याच्या बाजूने पाये आणले. देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना १९७१ पासून इथे आहे आणि या भागात आजारी माणसाला पायांचं सूप देणारी घरं पुष्कळ. रात्रभर मंद आचेवर उकळलेलं, गाळलेलं, मिरपूड न घातलेलं आणि कोमट होईपर्यंत थांबून दिलेलं ते सूप वहिनींनी हरकत न घेता मंजूर केलं. चावायला काही नाही, पोटभरीचं, घशाला मऊ. साबुदाण्याची खिचडी मात्र त्यांनी नामंजूर केली, कारण ती चिकटते आणि तिच्यातला शेंगदाण्याचा कूट थेट टाक्यात जाऊन बसतो. तीळ, राजगिरा, शेव, फरसाण, वडापावचा कुरकुरीत चुरा हे सगळं त्याच यादीत. आइस्क्रीम हवं तेवढं, फक्त काजू-बदामाचं नको आणि कोनातलं नको. आंबट-तिखट सोलकढी टाके निघाल्यावर.

तिसऱ्या सकाळी घरात घबराट झाली. गाल आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजला होता आणि त्यावर पिवळट-निळी झाक आली होती.

"गोळ्या खाऊन उलटं वाढलंय बघा," भाऊजी म्हणाले.

सूज अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत सर्वात जास्त असते आणि मग उतरते. हे आधी माहीत नसलं की तिसरा दिवस हमखास भीतीचा जातो. डाग म्हणजे त्वचेखाली झिरपलेलं रक्त, तेही आठवड्याभरात विरतं. घाबरायचं ते वेगळ्या खुणांना. तिसऱ्या दिवसानंतरही सूज चढतच राहिली, १०० च्या वर ताप आला, पू आला, अर्धा तास दाबूनही रक्त थांबेना, किंवा दुसऱ्या दिवशीही जीभ-ओठ बधिरच राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज येऊन गिळायला, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं.

आणखी एक खूण म्हणजे तोंडाला येणारी दुर्गंधी आणि परत वाढलेला ठणका, ड्राय सॉकेटची. संध्याकाळी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "वास वगैरे येतो का?" भाऊजींनी खिडकीकडे पाहिलं. वारा फिरला होता. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा वास दोन्ही खोल्यांत भरला होता. "डॉक्टर, वास येतोय, पण तो त्याचा नाही," ते म्हणाले. पेशंटला हसू आलं, टाके ताणले गेले आणि त्याने वडिलांवर डोळे वटारले.

शेवटचा मोठा वाद कामावर जायचा होता. पेशंटची सुट्टी आणखी एक दिवस होती. भाऊजींना ते चैनीचं वाटत होतं.

"शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. सकाळी मंत्रालयात काम आणि दुपारी रेडिएशन. आणि याला एका दाढेची रजा?"

पवारांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं, आणि त्यानंतर ते केंद्रात कृषिमंत्री होते. सकाळी नऊ ते दोन काम, नंतर रुग्णालय, ३६ वेळा रेडिएशन, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

"त्यांनी आणखीही सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. "पाणी गिळतानाही वेदना व्हायच्या, तेही सांगितलंय. तेवढंच का विसरता?"

२०१८ साली इंडियन डेंटल असोसिएशनच्या कार्यक्रमात पवारांनी शस्त्रक्रियेनंतर दात काढावे लागल्याचं, तोंड उघडायला, गिळायला आणि बोलायला त्रास झाल्याचं सांगितलं, आणि सुपारीच्या सवयीबद्दल चाळीस वर्षांपूर्वीच कोणी सावध करायला हवं होतं, अशी खंत बोलून दाखवली. मुंबईला हा विषय नवा नाही. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन जबडा मिटत जातो, त्या विकाराचं वर्णन मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केलं. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी मशेरी, तंबाखू आणि सुपारी घराघरांत आहे. दाढ काढल्यावर तर तंबाखूचा हिशेब लगेच चुकता होतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, आणि सिगारेटचा झुरका गुठळी ओढायला स्ट्रॉइतकाच समर्थ असतो. मशेरी लावणाऱ्या बायका डॉक्टरांना हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणंच असतं. वहिनी वॉर्डात हा प्रश्न मुद्दाम वेगळा विचारायच्या.

कामाचं उत्तर शेवटी कामाच्या स्वरूपावरून ठरलं. पुतण्याची नोकरी दिवसभर फोनवर बोलायची, आणि गोवंडीहून सकाळच्या हार्बर लोकलमध्ये सुजलेल्या गालाला कोणाचं कोपर लागेल याची हमी नाही. घरून लॅपटॉपवर काम असतं तर तो दुसऱ्याच दिवशी बसला असता. वजन उचलायचं काम असतं तर आणखी दोन-तीन दिवस लागले असते. भाऊजींनी एक दिवस सोडून दिला.

सातव्या दिवशी काळे रेशमी टाके निघाले. तोवर तोंड दोन बोटांएवढंच उघडत होतं. रोज आरशासमोर थोडं थोडं जास्त उघडायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला आणि जाता जाता भाऊजींच्या तोंडात टॉर्च मारला. वरची उजवी दाढ हलत होती.

"पुढच्या आठवड्यात काढून टाकू," भाऊजी रिक्षातच म्हणाले. "आता सगळं पाठ आहे. आदल्या दोन दिवसांपासून इकोस्प्रिन बंद करतो, रक्त जास्त नको जायला."

"बंद? कोणी सांगितलं?" वहिनींनी पर्समधून डायरी काढली. "हृदयासाठी दिलेली गोळी आहे ती. दाताचं रक्त दाबून थांबतं, टाका घालून थांबतं. ती बंद केल्यावर छातीत गुठळी झाली तर काय दाबणार? हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. आणि दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, ब्लड प्रेशर, शुगर, सगळ्या गोळ्या, नावं लिहून."

"आणि दुखायला लागलं की तुमची ती कॉम्बिफ्लाम, भूल उतरायच्या आत."

"तुम्हाला नाही. आयबुप्रोफेनने इकोस्प्रिनचा परिणाम कमी होऊ शकतो. तुम्हाला साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर म्हणतील तेवढीच."

भाऊजी खूश झाले. "म्हणजे मीठ, बर्फ आणि कमीत कमी गोळ्या. पहिल्या दिवसापासून मी काय सांगत होतो?"

"मीठ दुसऱ्या दिवसापासून," वहिनी म्हणाल्या आणि डायरीत गोळ्यांची नावं लिहायला लागल्या.